डीन व्हायलाही शिकवतात म्हणे!

हल्ली मी स्टाफरूममध्ये शिरले की दोन-तीन जणांना अचानक लॅबमधली कामं आठवतात. त्यांचा दोष नाही. भेटेल त्याला धरून मी सध्या एकच विषय सांगत सुटले आहे. पण गप्प बसवत नाही हो! अर्धं आयुष्य सिव्हिलच्या मुलांना स्ट्रक्चर्स शिकवण्यात गेलं. भार कुठून येतो, कुठे जातो, कोणता सदस्य ताणात आहे, कोणता दाबात, हे फळ्यावर काढून दाखवलं. आणि माणसांच्या ओळखींनाही अशीच रचना असते, तिच्यावर पन्नास वर्षांहून जास्त काळ संशोधन चाललंय, त्या आधारानं इंजिनिअरिंगमधल्या प्राध्यापिकांना डीनच्या, कुलगुरूंच्या खुर्चीकडे नेणारे रीतसर अभ्यासक्रम चालतात, हे मला आत्ता कळतंय. आत्ता!

निमित्त झालं एका फोनचं. माझी एक जुनी विद्यार्थिनी अमेरिकेत एका विद्यापीठात प्राध्यापक आहे. गप्पांच्या ओघात म्हणाली, "मॅडम, आमच्या डीननी माझं नाव एका फेलोशिपसाठी पाठवलंय. वर्षभराची आहे."

"कसली? आपल्या एफडीपीसारखं शिक्षक-प्रशिक्षण का?"

"नाही हो मॅडम. डीन कसं व्हायचं, ते शिकवतात."

मला दोन क्षण काही सुचेना. डीन व्हायला शिकवतात? आमच्या डोळ्यांसमोरची पद्धत अशी, की सीनिऑरिटी लागते, पीएच.डी. लागते, आणि मग 'वरून' काहीतरी ठरतं. ते काहीतरी म्हणजे काय, कुठे ठरतं, कोण बोलतं, कोणाशी बोलतं, हे कधी कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आम्ही टाइमटेबल केलं. नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली लावल्या. एनबीएचा अहवाल रात्री जागून पूर्ण केला. पाहुण्यांच्या स्वागताची समिती सांभाळली. आणि समितीच्या अध्यक्षस्थानी कोण, तर सर.

त्या रात्री मी वाचायला बसले आणि वाचतच गेले.

कार्यक्रमाचं नाव 'इलेट्स'. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठानं २०१२ मध्ये तो सुरू केला. इंजिनिअरिंग, तंत्रज्ञान आणि विज्ञान शिकवणाऱ्या सीनिअर प्राध्यापिकांना नेतृत्वासाठी तयार करायचं, हा त्याचा हेतू. आपली नोकरी सांभाळून, अधूनमधून एकत्र राहून करायचा हा वर्षभराचा अभ्यासक्रम. आणि तिथे शिकवतात काय? व्यक्तिमत्त्व विकास नाही, सकारात्मक विचारही नाहीत! विद्यापीठाचा पैसा कुठून येतो आणि कुठे मुरतो, ते शिकवतात. बजेट वाचायला शिकवतात. भांडण मिटवायचं कसं आणि गरज पडली तर करायचं कसं, ते शिकवतात. प्रत्येकीनं आपल्या संस्थेच्या खऱ्याखुऱ्या अडचणीवर एक प्रकल्प करायचा, तोही आपल्या वरिष्ठांशी बोलून ठरवायचा. मधल्या काळाचा गृहपाठ असा, की परत जाऊन आपल्याच विद्यापीठातल्या मोठ्या अधिकाऱ्यांना भेटायचं आणि त्यांचं काम समजून घ्यायचं.

यातली हुशारी बघा! प्रकल्पाच्या निमित्तानं त्या बाईला कुलगुरूंच्या दालनात जायला कारण मिळतं. हिशेब समजून घ्यायला वित्त अधिकाऱ्याकडे जायला कारण मिळतं. एरवी आपण उगीच कशाला जाऊ? 'पुढे पुढे करते' म्हणतील ना! इथे अभ्यासक्रमानंच तिला आत ढकललं. आणि वर्ष संपताना देशभरातल्या विद्यापीठांतल्या, तिच्यासारख्याच उंबरठ्यावर उभ्या असलेल्या बायका तिच्या ओळखीच्या झालेल्या असतात. कुठे पद रिकामं होणार आहे, कुठल्या निवड समितीवर कोण आहे, पगाराचं बोलणं कसं करायचं, हे विचारायला आता फोन नंबर आहेत.

मग मी या ओळखींच्या ताकदीच्या मुळाशी गेले, आणि तिथे भेटले मार्क ग्रॅनोव्हेटर. समाजशास्त्रज्ञ. १९७३ मध्ये त्यांनी 'दुबळ्या नात्यांचं बळ' असा उलटासुलटा वाटणारा सिद्धांत मांडला. बोस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या तांत्रिक आणि व्यवस्थापकीय नोकऱ्या करणाऱ्यांना त्यांनी विचारलं, ही नोकरी ज्याच्यामुळे कळली, त्याला तुम्ही कितीदा भेटत होता? मला वाटलं, रोजचा जिवलग मित्र. छे! नेहमी भेटणारे निघाले फक्त १६.७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के. आणि क्वचित, वर्षातून एखादवेळी किंवा त्याहूनही कमी भेटणारे २७.८ टक्के! कारण साधं आहे. जवळच्या माणसांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. नवी बातमी येते ती दुसऱ्या वर्तुळातल्या, जेमतेम ओळखीच्या माणसाकडून.

हे वाचून मी अक्षरशः उठून उभी राहिले. कारण हे मी दरवर्षी शिकवते! चार काठ्या खिळ्यांनी जोडून चौकट करा, एका बाजूनं ढकला, ती लवंडते. काठ्या कितीही जाड घ्या, लवंडतेच. पण एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात एक बारीक तिरकी पट्टी ठोका, की सगळी चौकट ताठ! विभागातल्या मैत्रिणी म्हणजे जाड काठ्या. डबा एकत्र, दुःख एकत्र, रजा एकमेकींच्या भरवशावर. आणि ती तिरकी पट्टी म्हणजे दुसऱ्या कॉलेजातल्या, वर्षातून एकदा भेटणाऱ्या मॅडम.

पण थांबा, खरी मेख पुढे आहे. ग्रॅनोव्हेटरनी ज्यांना प्रश्न विचारले ते सगळे पुरुष होते! मग बायकांचं काय? त्याचं उत्तर मिळालं हर्मिनिया इबारा यांच्या १९९२ च्या अभ्यासात. एका जाहिरात कंपनीतली नाती त्यांनी मांडून पाहिली. पुरुषांचं सोपं होतं. मैत्रीही पुरुषांशी आणि कामाच्या ओळखीही पुरुषांशी, एकाच टेबलावर दोन्ही. बायकांना मात्र दोन जाळी विणावी लागत होती. मन मोकळं करायला बायका, आणि कामाची वाट काढायला पुरुष. म्हणजे तेवढ्याच वेळात दुप्पट काम! मला एकदम आमचं आठवलं. सर लोक चहाच्या टपरीवर क्रिकेटबरोबर पुढच्या सेमिस्टरचं लोडही ठरवून येतात. आम्हाला त्याच निर्णयासाठी अपॉइंटमेंट घ्यावी लागते.

इबारा यांच्याच २०१० च्या एका लेखातला मुद्दा तर मी कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवलाय. बायकांना मेंटर भरपूर मिळतात, स्पॉन्सर मिळत नाहीत. मेंटर तुमच्याशी बोलतो. स्पॉन्सर तुमच्याविषयी बोलतो, तेही तुम्ही खोलीत नसताना, जिथे ठरतं तिथे. किती जणांनी मला प्रेमानं सल्ले दिले! 'मॅडम, पेपर वाढवा', 'मॅडम, जरा ठामपणे बोला'. पण माझं नाव कुठल्या बैठकीत कुणी उच्चारलं?

आता एमआयटीची गोष्ट ऐका, कारण तिथे हे सगळं एका जेवणाच्या टेबलावर घडलं. नॅन्सी हॉपकिन्स, जीवशास्त्रज्ञ. झेब्राफिश माशांवर संशोधन करायचं, टाक्या ठेवायला जागा हवी, आणि जागा मिळेना. बाईंनी काय केलं? मोजपट्टी घेतली आणि इमारतीतल्या प्रयोगशाळा मोजल्या! कुणाला किती चौरस फूट, सगळं मांडलं. मग अध्यक्षांना पत्र लिहिलं आणि पाठवण्याआधी मेरी-लू पार्ड्यू या सहकारी बाईंना एका कॅफेत जेवताना दाखवलं. त्या नाक मुरडतील अशी भीती होती. पार्ड्यूंनी पत्र वाचलं आणि म्हणाल्या, मलाही सही करायचीय.

एवढंच! इतकी वर्षं एकाच संस्थेत, आणि दोघींनाही वाटत होतं की अडचण आपल्या एकटीचीच आहे. हे १९९४ चं साल. विज्ञान शाखेच्या सहा विभागांत कायमस्वरूपी प्राध्यापक पुरुष दोनशेच्या आसपास आणि स्त्रिया १५. इंजिनिअरिंगशी निगडित आणखी दोघी धरून एकूण सतरा. त्यांच्याशी बोलणं झालं, आणि सतरापैकी सोळा जणींनी सही केली. समिती बसली, आकडे निघाले, १९९९ मध्ये अहवाल बाहेर आला आणि एमआयटीनं भेदभाव होत असल्याचं जाहीरपणे मान्य केलं. मग २००१ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशननं 'ॲडव्हान्स' योजना सुरू केली. तिची दिशाच वेगळी. बायकांना सुधारू नका, संस्था सुधारा आणि त्यासाठी हा निधी घ्या!

त्या निधीतून मिशिगन विद्यापीठात काय व्हावं? नाटक! प्राध्यापक निवडीची बैठक कशी चालते, याचा प्रवेश नटमंडळींनी बसवला आणि खऱ्याखुऱ्या विभागप्रमुखांसमोर केला. बाई बोलते, कुणी ऐकत नाही. तीच गोष्ट बाजूचे गृहस्थ म्हणतात, आणि वा वा होते. मग नट भूमिकेतच थांबतात आणि प्रेक्षक त्यांना प्रश्न विचारतात. तुम्ही तिचं बोलणं तोडलंत का? तुम्हाला काय वाटत होतं? मी तर म्हणते, पुरुषोत्तम करंडक गाजवणाऱ्या पोरांना घेऊन हा प्रयोग आपल्याकडे व्हायलाच हवा. संवाद लिहायची गरज नाही, आम्हाला पाठ आहेत.

एमआयटीतच आणखी एक बाई सापडल्या आणि त्यांनी माझी झोप उडवली. मिल्ड्रेड ड्रेसेलहाउस. कार्बनच्या अभ्यासातलं मोठं नाव. १९६८ मध्ये एमआयटीच्या इंजिनिअरिंग शाखेत कायम झालेल्या पहिल्या स्त्री प्राध्यापक. हंटर कॉलेजात शिकताना या मुलीच्या डोक्यात शाळामास्तरीण व्हायचं होतं. तिला भौतिकशास्त्राकडे वळवलं तिच्या शिक्षिकेनं. ती शिक्षिका कोण? रोझलिन यालो, ज्यांना पुढे १९७७ मध्ये नोबेल मिळालं! आणि ड्रेसेलहाउस मोठ्या झाल्यावर एकट्याच वर चढून बसल्या नाहीत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एमिली विक यांच्याबरोबर त्यांनी एमआयटीत बायकांनी एकत्र बसून बोलायची मंडळी सुरू केली. एकीनं दुसरीचा हात धरला, दुसरीनं पुढे कितीकींचे धरले.

आता सांगते ते ऐकून तुम्हीही माझ्यासारख्याच उडाल.

इलेट्सची कुळकथा मी शोधत होते. हा कार्यक्रम बेतला गेला 'इलॅम' या जुन्या कार्यक्रमावर. तो १९९५ मधला, वैद्यकीय महाविद्यालयांतल्या प्राध्यापिकांसाठीचा. इलॅम सुरू झाला फिलाडेल्फियाच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात, जे पुढे ड्रेक्सेलमध्ये गेलं. आणि ते महाविद्यालय मुळात कोणतं? १८५० मध्ये स्थापन झालेलं वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया. आपल्या आनंदीबाई जोश्यांचं कॉलेज!

मी खुर्चीतून ओरडलेच. घरातले धावत आले.

कारण आता आनंदीबाईंची गोष्ट मला वेगळीच दिसायला लागली. जिद्द, सोसणं, अकाली मृत्यू, हे शाळेपासून ऐकलेलं. पण त्या तिथवर पोचल्या कशा, हे कधी नीट पाहिलं होतं? कोल्हापुरातून पती गोपाळराव पत्नीच्या शिक्षणासाठी एक पत्र लिहितात. ते जातं वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याकडे. त्यांचा आणि गोपाळरावांचा घरोबा नाही. वाइल्डर ते आपल्या मासिकात छापतात, तेही प्रतिकूल शेरा मारून. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे ताटकळत बसलेल्या असताना तो जुना अंक चाळतात, आणि थेट आनंदीबाईंना पत्र लिहितात. जून १८८३ मध्ये बोट न्यूयॉर्कला लागते, तेव्हा या कार्पेंटर मावशी घ्यायला हजर! एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांची ही साखळी. ग्रॅनोव्हेटरचा सिद्धांत नव्वद वर्षं आधी कोल्हापूर ते फिलाडेल्फिया सिद्ध होऊन गेला होता!

आणि कॉलेजात त्यांना भेटलेल्या डीन कोण? रेचेल बॉडली. म्हणजे बाईच! १८७४ पासून डीन. शिकवायच्या रसायनशास्त्र. त्याच वर्षी त्यांनी सुचवलं की ऑक्सिजनच्या शोधाला शंभर वर्षं होताहेत, तर देशभरच्या रसायनशास्त्रज्ञांनी तो शोध लावणाऱ्या प्रीस्टलीच्या राहत्या गावी जमावं. मंडळी जमली, आणि त्या जमण्यातूनच दोन वर्षांनी अमेरिकन केमिकल सोसायटी उभी राहिली. बाई नुसत्या डीन नव्हत्या, माणसं एकत्र आणण्यात वाकबगार होत्या! मार्च १८८६ मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई आल्या, आणि पुढच्याच वर्षी रमाबाईंच्या 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली ती याच बॉडलीबाईंनी. म्हणजे दुसरीचं नाव आपल्या नावासकट जगापुढे ठेवलं. माझ्या कपाटाच्या दारावर जे चिकटवलंय, तेच की हे!

यानंतर मी आपल्याकडच्या इंजिनिअर बायका शोधत सुटले. ए. ललिता, मद्रासच्या गिंडी कॉलेजात १९४० मध्ये दाखल. अठराव्या वर्षी विधवा, पदरात मुलगी. वडील तिथेच इलेक्ट्रिकलचे प्राध्यापक होते म्हणून दार उघडलं. पाठोपाठ लीलम्मा जॉर्ज आणि पी. के. थ्रेसिया आल्या. प्रमाणपत्रावर छापलेलं 'तो' खोडून 'ती' करावं लागलं, असे ते दिवस. पुढे १९६४ मध्ये न्यूयॉर्कला स्त्री इंजिनिअर आणि शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अमेरिकेतल्या स्त्री इंजिनिअरांनी १९५० मध्ये काढलेल्या संघटनेनं ती भरवली होती. ललिताबाई कलकत्त्याहून तिथे गेल्या, आणि १९६७ च्या केंब्रिजच्या परिषदेसाठी भारतातलं काम त्यांच्याकडे आलं. ज्या काळात ट्रंक कॉल लावायला दिवस जायचा, त्या काळात हे!

आणि आज? मुलींच्या इंजिनिअरिंग शिक्षणासाठी महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेनं पुण्यात १९९१ मध्ये कमिन्स कॉलेज काढलं. आयआयटीत मुलींसाठी २०१८ पासून जादा जागा झाल्या. दारातून आत येणाऱ्यांची सोय होत गेली. पण पहिली आयआयटी १९५१ मधली, आणि आयआयटीच्या एखाद्या संकुलाची धुरा पहिल्यांदा स्त्रीकडे आली ती २०२३ मध्ये, मद्रास आयआयटीच्या झांझिबारच्या संकुलात, प्रीती अघलायम यांच्याकडे. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं २०२० मध्ये 'गती' नावाचा कार्यक्रम आणला. पहिल्या टप्प्यात तीस संस्था. आपलं मोजमाप आपणच करा आणि सुधारा, अशी त्याची मांडणी. हॉपकिन्सबाईंची मोजपट्टी सरकारी कागदावर आली म्हणायची!

पण सरकारी योजना आमच्यासारख्या कॉलेजांपर्यंत पोचेपर्यंत थांबायचं कशाला? हेच मला सध्या झोपू देत नाही. कारण जाळं आमच्याकडे आहेच! विद्यापीठाच्या परीक्षांनंतर पेपर तपासायला आम्ही कॅपला जातो. वीस-पंचवीस कॉलेजांची माणसं एका हॉलमध्ये, दिवसचे दिवस. ओरलला एक्स्टर्नल म्हणून परक्या कॉलेजात जातो. म्हणजे ज्यांना शोधायला इलेट्सवाल्या फिलाडेल्फिया गाठतात, त्या दुसऱ्या वर्तुळातल्या बायका आमच्या शेजारच्या बाकावर बसलेल्या असतात! आणि इतकी वर्षं आम्ही एकमेकींना विचारत होतो काय? "तुमचा गठ्ठा झाला का?" गठ्ठा संपला की पर्स उचलून बस पकडायची. सर लोक मात्र खाली टपरीवर थांबायचे, आणि अभ्यास मंडळावर यंदा कोण जाणार, हे तिथेच मुरायचं.

या वेळी मी थांबले. शेजारच्या मॅडमना म्हटलं, "चला, चहा घेऊ." त्या घड्याळ बघत, जरा अवघडत आल्या. बोलता बोलता कळलं की त्यांच्या कॉलेजात अधिष्ठातापदाची, म्हणजे डीनच्याच जागेची, जाहिरात निघणार आहे, सगळ्या अटी त्या पूर्ण करतात, आणि अर्ज करायचा त्यांच्या डोक्यातच नव्हता. "मला कोण विचारणार?" म्हणाल्या. मी म्हटलं, "मी विचारते आहे ना!" दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी होतो. एकीला एनबीएचं सगळं तोंडपाठ, एकीला उद्योगांकडून निधी आणण्याची युक्ती ठाऊक, एकीचे जुने गाईड अभ्यास मंडळावर. केवढा माल पडून होता! आणि हो, त्या मॅडमनी अर्ज केलाय.

घरची घाई खोटी नाही, मुलांच्या परीक्षा आणि सासूबाईंचं औषधही खोटं नाही. म्हणून मी कॅपच्या संचालकांनाच गाठलं. म्हटलं, दुपारच्या सुट्टीत वरच्या मजल्यावरची एक वर्ग-खोली आम्हाला द्या. सर आले तरी चालेल, नव्हे, यावेत. ठरवणारी मंडळी त्यांच्यातच जास्त आहेत. नियम एकच ठेवलाय, आणि तो बॉडलीबाईंकडून उचललाय. प्रत्येकीनं येताना एक नाव आणायचं, स्वतःचं नाही, दुसरीचं. ती काय करू शकते ते दोन वाक्यांत सांगायचं, आणि त्या आठवड्यात ते नाव निदान एका ठरवणाऱ्या माणसाच्या कानावर घालायचं.

पुढचं कॅप हिवाळी परीक्षेनंतर. मी ज्यांचं नाव नेणार आहे, त्यांना अजून पत्ताही नाही!